रस्त्याची बाराखडी

महाराष्ट्रात वाहन चालविण्याच्या शिकाऊ परवान्यासाठी जी परीक्षा होते, तिच्यात पंधरा प्रश्न असतात. त्यांतली नऊ उत्तरे बरोबर आली की उमेदवार पास. प्रश्न संगणकाच्या पडद्यावर येतात, खाली उत्तरांचे पर्याय असतात, त्यातला एक निवडायचा. लाल वर्तुळात एक कर्णा आणि त्यावर तिरपी रेघ, याचा अर्थ काय? त्रिकोणात धूर सोडणारे इंजिन आहे, पुढे काय आहे? आठ कोनांची लाल पाटी दिसली तर काय करायचे?

आपल्याकडे या परीक्षेविषयी कोणी फारसे गंभीरपणे बोलत नाही. ओळखीच्याकडून किंवा एजंटाकडून एक पुस्तिका मिळवायची, दोन दिवस चाळायची, परवाना हाती आला की पुस्तिका रद्दीत जाते. पण त्या पुस्तिकेतल्या चित्रांना शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आणि गंमत म्हणजे, तो इतिहास मुख्यतः वाचता न येणाऱ्या माणसाचा आहे. ज्याला अक्षर ओळखता येत नाही, किंवा परमुलखात आल्यामुळे तिथले अक्षर ओळखता येत नाही, असा माणूस रस्त्याने सुखरूप कसा जाईल, या काळजीतून ही चित्रे जन्माला आली. आज त्या काळजीचे काय झाले आहे, ते आपण पाहू.

मोटार येण्यापूर्वी रस्ता अक्षरांनी किंवा दगडांनी बोलत असे. उत्तरेत शेरशहा आणि मोगलांच्या काळात कोसाकोसावर मनोरे उभे राहिले. इंग्रजांनी मुंबईत मैलाचे दगड रोवले. फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजायचे आणि दगडावर रोमन आकडा कोरायचा, अशी पद्धत. त्यातले काही दगड अजूनही शहरात सापडतात. आता विचार करा, दादर-परळच्या वाटेवर बैलगाडी हाकणाऱ्या माणसाला तो रोमन पाच किंवा सहा वाचता येत असेल का? येत नसणार. पण त्यावाचून त्याचे अडतही नव्हते. बैल चालत होते, वाटेत माणसे भेटत होती, विचारायला सवड होती. भाड्याच्या गाड्यांवर आणि त्या हाकणाऱ्यांवर मुंबई सरकारने १८६३ च्या सार्वजनिक वाहनांच्या कायद्यानेच नियंत्रण आणले होते; तेव्हा मोटार कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

मोटारीने सगळ्यात आधी हिरावून घेतली ती ही विचारण्याची सवड. वेगात असलेल्या माणसाला थांबून विचारता येत नाही, लांबलचक पाटी वाचता येत नाही. त्याला एका नजरेत कळले पाहिजे. युरोपात तर आणखी एक अडचण होती. फ्रान्समधून निघालेली मोटार काही तासांत जर्मन किंवा इटालियन भाषेच्या मुलखात शिरे. चालवणारा सुशिक्षित असला तरी सरहद्द ओलांडताच तो निरक्षर होई. म्हणून ऑक्टोबर १९०९ मध्ये पॅरिसला काही राष्ट्रांनी एक करार केला आणि चार चिन्हे ठरवली: उंचसखल रस्ता, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचे फाटक. एवढीच चार. रस्त्याच्या बाराखडीतली ही पहिली चार अक्षरे.

पुढे १९२६ मध्ये धोक्याच्या पाटीचा आकार त्रिकोणी ठरला. १९३१ आणि १९४९ मध्ये जिनिव्हात या बाराखडीत आणखी भर पडली आणि १९६८ मध्ये व्हिएन्ना येथे रस्त्यावरील चिन्हांविषयीचा मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८० मध्ये सामील झाला. त्रिकोण म्हणजे सावध राहा, वर्तुळ म्हणजे हुकूम पाळा, चौकोन म्हणजे ही माहिती घ्या. थांबण्याची पाटी मात्र अष्टकोनी. तो आकार अमेरिकेतून आला, १९२० च्या दशकात. त्यामागचा विचार साधा आहे. दुसऱ्या कुठल्याही पाटीचा आकार तसा नाही. पाटीवर चिखल उडालेला असो, अक्षरे पुसलेली असोत, ती मागच्या बाजूने दिसो, नुसत्या आकारावरून ती ओळखता आली पाहिजे. रस्ता देण्याचा उलटा त्रिकोणही तसाच. म्हणजे इथे चित्र हे अक्षर आहेच, पण चित्र नसले तरी आकारही अक्षर आहे.

इंग्लंडने ही चित्रे उशिरा स्वीकारली. तिथे बरीच वर्षे शब्दांच्या पाट्यांवर भर होता. शाळा जवळ आहे हे सांगायला ज्ञानाची पेटती मशाल काढत. ज्ञानाचे प्रतीक म्हणून मशाल सुंदरच. पण भरधाव येणाऱ्याला तिच्यावरून पुढे मुले आहेत हे कसे कळणार? जॉक किनेअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघा चित्रकारांनी तिथली चिन्हे नव्याने आखली आणि १९६५ पासून ती रस्त्यांवर आली. कॅल्व्हर्टबाईंनी मशाल काढून टाकली आणि लहान मुलाचा हात धरून चालणारी एक मुलगी काढली. ती मुलगी काढताना आपले स्वतःचे बालपण डोळ्यांसमोर होते, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. गुरांच्या चिन्हातली गाय त्यांनी नातेवाइकांच्या मळ्यावरच्या गाईवरून काढली. मशालीच्या जागी मूल आले, हा बदल मला कवी म्हणून फार मोलाचा वाटतो. मोठी कल्पना बाजूला सारून समोरचे माणूस दाखवायचे, ही शिस्त कवितेलाही लागते.

आपल्याकडे या विषयाचा पाया घालणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे. मोटारी वाढल्या, रस्ते खचू लागले, तेव्हा १९२७ मध्ये सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या नावाचे ग्रंथालय पुष्कळांनी पाहिलेले असते, पण देशातल्या रस्त्यांच्या नियोजनाची सुरुवात त्यांच्या समितीच्या अहवालापासून होते, हे थोड्यांना ठाऊक असते. याच अहवालाच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था निघाली. त्याआधी १९१४ चा मोटार कायदा होताच. १९३९ मध्ये नवा कायदा आला आणि त्याच्या परिशिष्टांत रस्त्यावरची चिन्हे आणि वाहन चालविण्याचे नियम छापले गेले. स्वातंत्र्यानंतर रोड्स काँग्रेसने १९७७ मध्ये चिन्हांची सविस्तर संहिता तयार केली, तिच्या सुधारित आवृत्त्या अजून निघत असतात. १९८८ चा मोटार वाहन कायदा जुलै १९८९ पासून लागू झाला. आपली शिकाऊ परवान्याची परीक्षा याच कायद्याखालची. शिकणाऱ्याने गाडीला लावायची पाटीही या नियमांनीच ठरवली: पांढऱ्या चौकोनावर लाल ‘एल’. हे अक्षर खरे तर रोमन. पण इंग्रजीचा गंध नसलेला माणूसही ते वाचत नाही, ओळखतो. पुढचा नवशिका आहे, जरा अंतर ठेवा, एवढे त्याला कळते.

हे सगळे मी पुस्तकांतून गोळा करायला लागलो त्याला कारण आमचा परिसर. मी भाईंदर पूर्वेला जेसल पार्कमध्ये राहतो. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, मध्ये इमारतींची दाटी. जेसल हे नाव कच्छी-गुजराती कानाला ओळखीचे. इमारतींतून गुजराती, मारवाडी, मराठी, कोकणी, हिंदी, भोजपुरी असे सगळे ऐकू येते. संध्याकाळी खाडीकाठच्या चौपाटीवर गेलात तर एकाच बाकावर तीन भाषा बसलेल्या असतात. या परिसरात मी बी.ए. झालेला आणि मराठीत कविता लिहिणारा मुसलमान म्हणून ओळखला जातो. कविता फारसे कोणी वाचत नाही. पण अर्ज, नोटिसा, शाळेचे दाखले घेऊन लोक हक्काने येतात. त्यातच परवान्याची पुस्तिका घेऊन येणारेही असतात.

गेल्या काही वर्षांत अशा किती तरी जणांबरोबर मी ती चिन्हे गिरवली. रिक्षा चालवायची म्हणून आलेले तरुण, रात्रपाळीचे पहारेकरी, मुलीला क्लासला सोडण्यासाठी स्कूटर शिकणाऱ्या पन्नाशीच्या बाई. शिकवताना लक्षात येते की चित्रे वाटतात तितकी सोपी नाहीत. जौनपूरकडच्या एका मुलाने मला विचारले, “चाचा, हे इंजिन कुठलं? असली गाडी तर मी पाहिलीच नाही.” त्याचे बरोबर होते. फाटकावर माणूस नाही, सांभाळा, हे सांगणाऱ्या त्रिकोणात वाफेचे इंजिन आहे. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने १९९० च्या दशकात निवृत्त झाली. जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकेही काढून टाकण्यात आली. म्हणजे ज्या मुलाने असे इंजिन पाहिलेले नाही, त्याने आता बहुतेक ठिकाणी उरलेले नाही असे फाटक ओळखायचे! तरी ते शिकावे लागते, कारण कुठल्याही बाराखडीत रोज न लागणारी अक्षरेही असतात. ‘ङ’ आणि ‘ञ’ आपण शिकलोच की. शिवाय आमच्या भागातल्या माणसाला लाल-हिरव्याची पहिली ओळख मोटारीने नव्हे, रेल्वेनेच करून दिली. १८६० च्या दशकात इथून रेल्वे धावू लागली, तेव्हा मोटार जन्मलेलीही नव्हती. लाल म्हणजे थांबा, हे रस्त्याने रुळांकडूनच उचलले.

चित्रांबरोबर शब्दही शिकवावे लागतात. हिंदी भाषकाला ‘डावीकडे’ कळायला वेळ लागत नाही, पण ‘उजवीकडे’ म्हटले की तो थबकतो, कारण दाएँ-बाएँ यांच्याशी त्याचे काहीच नाते नाही. ‘वळण’ त्याला नवे, ‘अरुंद’ त्याहून नवे. पण परवाना, मनाई, इशारा, हद्द, रस्ता, पूल हे शब्द समोर आले की त्याचा चेहरा उजळतो. हे तर आमचेच शब्द, असे त्याला वाटते. खरे म्हणजे ते फारसी-अरबीतून आले आणि कित्येक शतके मराठीत नांदून मराठीच झाले. ‘इशारा’ या शब्दाचा मूळ अर्थच खूण. रस्त्यावरची सगळी चिन्हे म्हणजे इशारे. परीक्षेच्या त्या लहानशा पुस्तिकेत संस्कृत, देशी, फारसी, अरबी आणि इंग्रजी शब्द शेजारी शेजारी बसले आहेत, आणि ते सगळे मिळून मराठी आहे. माझ्या घरात बोलली जाते तीही अशीच मराठी.

आता थोडा नाजूक विषय. रिक्षाचा परवाना आणि मराठी. रिक्षा ही तशी महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची वस्तू. माणसाने माणसाला ओढू नये, या विचाराने नवलमल फिरोदिया यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात तीनचाकी मोटाररिक्षाचा प्रयोग केला, आणि तेव्हाचे मुंबई प्रांताचे मंत्री मोरारजी देसाई यांनी त्याला मान्यता दिली. पुढे ही रिक्षा लाखोंचे पोट झाली. २०१५ मध्ये त्या वेळचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी जाहीर केले की, नवे रिक्षा परवाने मराठी येणाऱ्यांनाच मिळतील. फेब्रुवारी २०१६ मध्ये तसे परिपत्रक निघाले. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाणाऱ्यांत आमच्या मीरा-भाईंदरचे रिक्षाचालक होते. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले.

त्या दिवसांत मला दोन्हीकडून विचारणा होई. तुम्ही मराठीचे कवी, तुम्ही अटीच्या बाजूने हवेत, असे एक म्हणत. तुम्ही आमच्यातले, तुम्ही विरोधात हवेत, असे दुसरे म्हणत. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटत. ज्या गावात माणूस भाकरी कमावतो, त्या गावची भाषा त्याला आली पाहिजे, असे मी मानतो. म्हाताऱ्या आजीबाई मराठीतून पत्ता सांगत असतील तर रिक्षावाल्याला तो समजला पाहिजे. पण शिकवण्याची सोय न करता दारातच परीक्षा घ्यायची, ही भाषेची सेवा नव्हे. ‘उजवीकडे’ हा शब्द माझ्याकडून शिकून गेलेली मुले तो आज बिनदिक्कत वापरतात. तो त्यांना कोणी धाकाने शिकवला नव्हता.

चिन्हांच्या बाबतीतही आपण हेच केले. प्रवासी आणि मालवाहू वाहने चालवणारा किमान आठवी पास असावा, अशी अट २००७ मध्ये केंद्रीय नियमांत घालण्यात आली. हेतू वाईट नव्हता. पण दाखला नसलेला, तरीही हात कसलेला चालक तिच्यामुळे बाहेर राहिला. २०१९ मध्ये दोन विरुद्ध गोष्टी लागोपाठ घडल्या. राजस्थान उच्च न्यायालयाने म्हटले की, निरक्षर चालक रस्त्यावरचे फलक वाचू शकत नाही, तो पादचाऱ्यांना धोका आहे, त्याला दिलेले परवाने मागे घ्यावेत. त्यानंतर काही आठवड्यांतच केंद्र सरकारने आठवीची अट काढायचे ठरवले. हरियाणाने मेवात भागातल्या गरीब चालकांचा प्रश्न मांडला होता. वाहन चालवणे येते, शाळेचा दाखला नाही, अशी तिथल्या पुष्कळांची स्थिती. त्याच वर्षी अट गेली, पण प्रशिक्षण आणि कौशल्याची चाचणी कडक असावी, असेही सरकारने सांगितले.

मला न्यायालयाची चिंता समजते, आणि सरकारचा निर्णयही पटतो. पण या सगळ्यात एक गोष्ट विसरली गेली. रस्त्यावरची चिन्हे १९०९ पासून आखली गेली तीच मुळी अक्षर न येणाऱ्याला कळावीत म्हणून. निरक्षराला ती कळत नसतील, तर दोष त्याच्या शाळेत न जाण्याचा कमी आणि आपण ती त्याला न शिकवण्याचा जास्त. आठवीच्या कुठल्याही वर्गात बसून वाफेच्या इंजिनाचा त्रिकोण आपोआप समजत नाही. आठवी झालेला काय आणि बी.ए. झालेला काय, रस्त्याच्या बाराखडीत दोघेही पहिल्या दिवशी निरक्षरच असतात. ती शिकवली तर अंगठा उठवणाराही तासाभरात वीस चिन्हे सांगतो. हे मी जेसल पार्कमध्ये अनेकदा पाहिले आहे.

ही निव्वळ भाषेची चर्चा नाही. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा. म्हणून शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत काय विचारावे हे नियमांनी फार विचारपूर्वक ठरवले आहे: चिन्हे आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यास चालकाचे कर्तव्य, बिनपहाऱ्याचे फाटक ओलांडतानाची खबरदारी, आणि जवळ बाळगायची कागदपत्रे. अपघाताचे कलम तर मुद्दाम वाचण्यासारखे आहे. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोचवणे हे चालकाचे कर्तव्य. जमाव खवळल्यामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल तरच सवलत. कायदा लिहिणाऱ्यांना आपला रस्ता ठाऊक होता, एवढे यावरून दिसते.

या परीक्षेसाठी पूर्वी भाईंदरकर ठाण्याला जात. २०२१ पासून आधारच्या मदतीने ती घरबसल्याही देता येऊ लागली. २०२५ मध्ये मीरा-भाईंदरला एमएच-५८ हा स्वतंत्र क्रमांक मंजूर झाला. सोयी वाढल्या हे चांगलेच झाले. पण घरबसल्या परीक्षेत शेजारी कोण बसले आहे आणि उत्तर कोण देते आहे, हा प्रश्न उरतो. शिकणे मात्र कोणाला दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक रिक्षातळावर आठवड्यातून एक तास ही चित्रे मोठ्या फलकावर लावून कोणी समजावली, तर खर्च काहीच नाही. ज्याला मराठी येत नाही त्याला त्या तासात पन्नास मराठी शब्द येतील, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला रस्ता वाचता येईल.

प्रश्नसंचात एक प्रश्न आहे, तो मी सगळ्यांना आवर्जून विचारतो. अंध माणूस पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडत असेल तर चालकाने काय समजावे? उत्तर असे: ती काठी म्हणजे वाहन थांबवण्याची खूण समजावी. किती मोठी गोष्ट आहे ही! सरकारने रोवलेली पाटी नाही, दिवा नाही, हवालदाराचा हात नाही. ज्याला आपली गाडी दिसतही नाही, अशा माणसाच्या हातातली काठी. आणि नियम सांगतो की तिचा मान थांब्याच्या पाटीइतकाच. पॅरिसला चार चिन्हांनी सुरू झालेली ती बाराखडी इथे येऊन पोचली आहे.

मात्र परीक्षेत सहा उत्तरे चुकलेली चालतात, आणि त्या सहांत या काठीचा प्रश्न असला तरी परवाना मिळतो. म्हणून माझ्याकडे पुस्तिका घेऊन येणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, नऊ उत्तरे परीक्षेसाठी पाठ करा, उरलेली सहा पायी चालणाऱ्यांसाठी शिका.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)